सात पर्यायांचा ड्रॉपडाउन

जेवता जेवता वाचायची सवय असेल तर आजचा लेख ताट धुऊन झाल्यावर वाचा. नंतर तक्रार नको.

तर झालंय असं, की आमच्या सध्याच्या प्रोजेक्टमध्ये एक स्क्रीन आहे आणि त्यावर सात पर्यायांचा एक ड्रॉपडाउन आहे. टाइप १ ते टाइप ७, आणि प्रत्येकासमोर एक छोटंसं चित्र. याला ब्रिस्टल स्टूल चार्ट म्हणतात. ब्रिस्टलमधल्या दोघा संशोधकांनी १९९७ मध्ये छापलेला तक्ता आहे हा. माणसाच्या शौचाचे सात प्रकार. टाइप १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे कडक खडे, टाइप ७ म्हणजे नुसतं पाणी. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, सबमिशनच्या रात्री जागलो, कॅम्पस इंटरव्ह्यूत लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवली, आणि आता लीड्समध्ये क्लायंटसमोर बसून चर्चा काय, तर ही नोंद मँडेटरी ठेवायची की ऑप्शनल! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "यासाठी गेलास होय रे तिकडे?"

प्रोजेक्ट म्हणजे एक मोबाइल अ‍ॅप आहे. लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या लोकांच्या घरी जाऊन मदत करणारे कर्मचारी त्यात रोजच्या नोंदी करतात. काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, कुठे फिरायला गेले, वगैरे. आधी शब्दाचा घोळ निस्तरतो. आपल्याकडे लर्निंग डिसॅबिलिटी म्हटलं की 'तारे जमीन पर'मधला ईशान आठवतो, म्हणजे डिस्लेक्सिया. ब्रिटनमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा. 'चौकट राजा'मधला नंदू आठवा. आपल्या शाळांच्या पाट्यांवर अजून 'मतिमंद' असतं ना, ते. (तो शब्द मी यापुढे वापरणार नाही, पण समजायला सोपं जावं म्हणून एकदा लिहिला.)

ड्रॉपडाउनवर आमची टीम मनसोक्त हसली. क्लायंटकडच्या ज्या बाई आमचं काम बघतात त्या मात्र हसल्या नाहीत. अठरा वर्षं त्यांनी स्वतः सपोर्ट वर्कर म्हणून काढलीत. मीटिंग संपताना त्यांनी शांतपणे एक नाव सांगितलं आणि म्हणाल्या, वेळ मिळाला तर याच्याबद्दल वाचा. रिचर्ड हँडली.

त्या शनिवारी वाचलं. आणि मग रविवारीही दुसरं काही झालं नाही.

रिचर्ड हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्ट गावात राहायचा. डाउन सिंड्रोम होता. आणि आयुष्यभराची बद्धकोष्ठता होती, म्हणजे अधूनमधून त्रास असा नाही, तर रोज लक्ष ठेवावं लागणारी. आहार ठरलेला, औषध ठरलेलं, शौचाची नोंद ठेवायची. तो राहायचा ते आधी 'केअर होम' होतं. २०१० मध्ये त्याच जागेचं रूपांतर 'सपोर्टेड लिव्हिंग'मध्ये झालं. इमारत तीच, खोल्या त्याच. कागदावर मात्र तो आता निवासी न राहता भाडेकरू झाला. या बदलात आहारावरचं लक्ष सुटलं, शौचाच्या नोंदींवरचं लक्ष सुटलं. दोन वर्षांनी त्याचं पोट इतकं फुगलं की त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. ऑपरेशन करून डॉक्टरांनी सुमारे दहा किलो मळ बाहेर काढला. १७ नोव्हेंबर २०१२ ला इप्सविचच्या हॉस्पिटलात तो गेला. वय ३३. मृत्यूची चौकशी पूर्ण व्हायला २०१८ उजाडलं. कॉरोनरने त्याच्या देखभालीतल्या चुकांना गंभीर म्हटलं, आणि घराचा प्रकार बदलला त्या टप्प्यावर बोट ठेवलं.

बद्धकोष्ठतेने माणूस मरतो. २०१२ मध्ये. इंग्लंडमध्ये.

आपल्या धंद्यातल्या कुणालाही हे वाचून एकच गोष्ट आठवेल. जुना सर्व्हर बंद करून नव्यावर जायचं असतं. सगळं यादीप्रमाणे हलवतात, टेस्ट पास होतात, डॅशबोर्ड हिरवागार. फक्त जुन्या सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये कुणीतरी कधीकाळी टाकलेली एक ओळ असते, रात्री दोन वाजता लॉग साफ करणारी. ती कुठल्याच यादीत नसते. नव्या सर्व्हरवर पहिल्या दिवशी काहीच होत नाही, पहिल्या महिन्यातही नाही. नुसती डिस्क भरत राहते.

उपमा क्रूर आहे, मला कळतंय. पण याहून नेमकी सुचत नाही.

आता सपोर्टेड लिव्हिंग वाईट, असा अर्थ कृपया काढू नका. उलट आहे. ही कल्पना कुठून आली ते बघितलं की तिच्याबद्दल आदरच वाटतो. एकेकाळी ब्रिटनमध्ये अशा लोकांना गावाबाहेरच्या प्रचंड हॉस्पिटलांत ठेवायचे, चाळीस-चाळीस खाटांच्या वॉर्डात, जन्मभर. १९६९ मध्ये कार्डिफच्या ईली हॉस्पिटलमधल्या छळाचा चौकशी अहवाल बाहेर आला आणि देश हादरला. १९७१ मध्ये सरकारने धोरण बदललं आणि पुढच्या तीसेक वर्षांत ती हॉस्पिटलं हळूहळू बंद होत गेली. तरी प्रश्न संपला नाही. ३१ मे २०११ ला बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या २४ खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातलं गुप्त चित्रण दाखवलं. कर्मचारी रुग्णांना मारतायत, फरशीवर दाबून धरतायत, कपड्यांसकट शॉवरखाली ढकलतायत. एका माणसाला तिथे ठेवण्याचा खर्च आठवड्याला सरासरी ३५०० पौंड! अकरा जण दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. तिथल्याच एका वरिष्ठ नर्सने आधी तक्रार केली होती आणि तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने तिची दखल घेतली नव्हती. नंतर सरकारने शब्द दिला, की विनाकारण हॉस्पिटलात अडकलेल्या सगळ्यांना जून २०१४ पर्यंत समाजात, स्वतःच्या घरात आणू. तारीख उलटून गेली. २०२४ मध्येही इंग्लंडमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी किंवा ऑटिझम असलेले सुमारे दोन हजार लोक मानसोपचार हॉस्पिटलांत होते. (डेडलाइन चुकवण्यात आम्ही आयटीवाले एकटेच नाही.)

सपोर्टेड लिव्हिंगमागची युक्ती साधी आणि हुशार आहे. घर वेगळं आणि मदत वेगळी. घराचा भाडेकरार त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर, घरमालक एक संस्था, मदत करणारी संस्था दुसरी. मदत आवडली नाही तर ती संस्था बदला, घर सोडायची गरज नाही. केअर होममध्ये दोन्ही एकाच पाकिटात येतं. एक नको तर दुसरंही गेलं. आपल्या भाषेत म्हणायचं तर डीकपलिंग.

पण डीकपलिंगचं काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. दोन सर्व्हिसेसच्या मधल्या फटीत जे पडतं ते कुणाचंच नसतं.

तपासणीचंच बघा. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची यंत्रणा आहे. केअर होमची तपासणी होते तेव्हा ती त्या इमारतीची, त्या घराची होते, आणि त्याला 'उत्कृष्ट'पासून 'अपुरं'पर्यंत चारांतलं एक रेटिंग मिळतं. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये घर हे भाडेकरूचं खाजगी घर, त्यामुळे तपासणी घराची नसते, फक्त मदतीची असते. आणि नोंदणी असते ती बहुधा मदत करणाऱ्या संस्थेच्या ऑफिसची. एका ऑफिसखाली डझनभर घरं असू शकतात आणि सगळ्यांना मिळून एक रेटिंग. तुमचा भाऊ नेमका ज्या घरात राहतो तिथे काय चाललंय, हे त्या रेटिंगवरून कळत नाही. आपण हॉटेलात डोसा खायच्या आधीसुद्धा नेमक्या शाखेचे स्टार बघतो.

मग क्वालिटी कशात असते? हा प्रश्न मला अ‍ॅपसाठी हवा होता. कुठले फील्ड ठेवायचे हे त्यावर ठरणार होतं. म्हणून त्या बाई आम्हा दोघांना एका घरी घेऊन गेल्या.

लीड्सच्या कडेला विटांच्या घरांची एक रांग, त्यातलं एक. तिघांचं घर. बाईंकडे त्या घराच्या किल्लीच्या पेटीचा कोड होता, तरी त्यांनी बेल वाजवली आणि दार उघडेपर्यंत पावसात उभं केलं. "त्यांचं घर आहे," एवढंच म्हणाल्या. आम्ही येणार हे तिघांना आधी विचारलं होतं. एकाने नाही म्हटलं होतं, म्हणून त्याच्या खोलीकडे आम्ही फिरकलोही नाही. जाताना गाडीत त्यांनी सांगितलं होतं, की अशा घरात शिरल्यावर भिंती बघा. फ्रिजवर भाडेकरूंचे फोटो आहेत की कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीचा तक्ता? जिन्याखाली ऑफिस थाटलंय का? 'फक्त स्टाफसाठी' अशी पाटी लावलेला संडास आहे का? असेल तर ते घर नाही, ऑफिसात तिघांना झोपायला जागा दिली आहे असं समजा.

साठीच्या पुढच्या एका गृहस्थांनी आम्हाला चहा करून दिला. त्यांचं तरुणपण त्या जुन्या हॉस्पिटलांपैकी एकात गेलेलं. किटली भरली, मग विसरले, मग पुन्हा भरली. कप मोजले चार, आम्ही पाच. पुन्हा मोजले. दुधाचं झाकण निघेना. सपोर्ट वर्कर, झिंबाब्वेहून आलेल्या पन्नाशीच्या बाई, शेजारीच उभ्या होत्या आणि त्यांनी हात लावला नाही. झाकणाच्या वेळी फक्त म्हणाल्या, "उलटीकडून बघता का?" पंचवीस मिनिटं लागली. माझ्यातला पुणेकर आतल्या आत तडफडत होता, उठून दोन मिनिटांत चहा टाकावा असं वाटत होतं. चहा अगदीच फिका होता, आणि ते गृहस्थ आमचे चेहरे बघत होते, त्यामुळे सगळ्यांनी संपवला.

नंतर कळलं, याला 'अ‍ॅक्टिव्ह सपोर्ट' म्हणतात. केंट विद्यापीठाच्या टिझार्ड सेंटरमध्ये जिम मॅन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं. त्यातून पुढे आलेली गोष्ट म्हणजे घर छोटं केलं, माणसं वाढवली, तेवढ्याने राहणाऱ्याचं आयुष्य आपोआप सुधारत नाही. मदत करणारा त्याच्यासाठी करतो की त्याच्याबरोबर करतो यावर बरंच अवलंबून असतं. आता हे ड्रॉपडाउनमध्ये कसं बसवणार? जुन्या अ‍ॅपमध्ये 'चहा दिला' अशी टिक होती. टिक दोन मिनिटांच्या चहालाही तीच आणि पंचवीस मिनिटांच्या चहालाही तीच.

दुसरे भाडेकरू बोलत नाहीत. बस बघायला आवडतात, खिडकीत खुर्ची. झिंबाब्वेच्या बाईंनी सहज सांगितलं, "त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली की समजायचं काहीतरी दुखतंय. बहुतेक वेळा दात." मी विचारलं, हे कुठे लिहिलंय? त्यांनी एक घडी पडलेला कागद दाखवला. 'हॉस्पिटल पासपोर्ट' म्हणतात त्याला, हॉस्पिटलात जाताना बरोबर न्यायचा. त्यावर त्यांनी स्वतः पेनाने ते वाक्य लिहिलं होतं. आमच्या सिस्टिममध्ये आणलेल्या जुन्या डेटात ते नव्हतं. नावं-गावं काढून टाकलेला तो डेटा मी पाहिलाय. त्यात एकच वाक्य पानोपानी येतं, 'आज दिवस चांगला गेला.' सकाळच्या पाळीतही, दुपारच्या पाळीतही, आणि एकदा तर ज्या दिवशी अँब्युलन्स बोलवावी लागली त्या दिवशीही.

लिहिणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. या क्षेत्रात २०२३-२४ मध्ये साधारण चारातल्या एकाने नोकरी सोडली. पगार किमान वेतनाच्या आसपास. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून माणसं आणायला व्हिसा खुला केला, केरळातून, नायजेरियातून, झिंबाब्वेतून लोक आले, आणि जुलै २०२५ मध्ये नव्यांसाठी तो बंदही केला. आणि रात्रपाळीचा खटला वाचा, फार बोलका आहे. पूर्व यॉर्कशायरमध्ये एक सपोर्ट वर्कर दोघा पुरुषांच्या घरी रात्री दहा ते सकाळी सात झोपायला असायची, म्हणजे झोपायचं पण कान उघडे ठेवून. त्याचे तिला मिळायचे २२ पौंड ३५ पेन्स, वर एका तासाचा पगार ६ पौंड ७० पेन्स. सगळे मिळून नऊ तासांचे २९ पौंड ५ पेन्स. तिने दावा केला, की मी पूर्ण रात्र कामावर असते, तर तासाला किमान वेतन द्या. खालची दोन न्यायालयं तिच्या बाजूने, वरची दोन विरुद्ध. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की प्रत्यक्ष कामासाठी जागं असण्याचेच तास मोजायचे. कायद्याच्या भाषेत बरोबरच असेल. पण आपण प्रॉडक्शन सपोर्टला ऑन-कॉल असतो तेव्हा लॅपटॉप उशाशी घेऊन कसे झोपतो ते आठवा, आणि इथे अलर्ट म्हणजे शेजारच्या खोलीत कुणाला तरी आलेली फिट असते.

पाळ्यांवरून आठवलं. ब्रायटनला हेवी लोड नावाचा एक पंक बँड होता. त्यातल्या काही वादकांना लर्निंग डिसॅबिलिटी होती, २००८ मध्ये त्यांच्यावर डॉक्युमेंटरीही आली. त्यांच्या लक्षात आलं, की कार्यक्रम रंगात आला की नऊच्या सुमारास प्रेक्षकांतली लर्निंग डिसॅबिलिटी असलेली मंडळी उठून जायला लागतात. कंटाळून नाही. सोबतच्या कर्मचाऱ्यांची पाळी दहाला संपायची, त्याआधी घरी पोचवायला हवं म्हणून. त्यातून बँडने 'स्टे अप लेट' अशी मोहीम सुरू केली, जागत राहा. मला हे भयंकर आवडलं. कुणी छळ केला नाही, कुणी दार बंद केलं नाही, नुसत्या ड्यूटीच्या तक्त्याने चाळिशीतल्या माणसांची झोपायची वेळ ठरवली. आमच्या अ‍ॅपच्या रोस्टर मॉड्यूलमध्ये पाळी बदलायची वेळ दहा अशी थेट कोडमध्ये होती. ती आता सेटिंगमध्ये गेली आहे. ती बदलेल की नाही हे संस्थेच्या हातात.

हे सगळं मी इतकं मनाला लावून का घेतोय असं वाटत असेल, तर आमचे मामा. आईचे धाकटे भाऊ, चोपन्न वर्षांचे. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि ते सात-आठ वर्षांच्या मुलाएवढेच राहिले असं घरात म्हणतात. (हे वाक्य मला आता पटत नाही. सात वर्षांचा मुलगा पन्नास वर्षं भजनी मंडळात टाळ धरत नाही.) कराडजवळच्या गावी आजीबरोबर असतात. आजी ब्याऐंशीची. घरातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं, कधीतरी रात्री उशिरा त्याच प्रश्नावर येऊन थांबतं, आजीनंतर कोण? आपल्याकडे कायदे अगदीच नाहीत असं नाही. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. पण पालक कोण हे कागदावर ठरलं, तरी मामांना फिटची गोळी नुसत्या पाण्याबरोबर दिली तर ते ती गालात धरून ठेवतात आणि मागच्या दारी थुंकतात, गुळाच्या खड्याबरोबरच जाते, हे त्या कागदावर कुठे असतं? ते फक्त आजीला माहीत. ती आजारी पडली होती तेव्हा तीन दिवस मावशीने गोळ्या वेळेवर दिल्या, आणि चौथ्या दिवशी मामांना फिट आली.

त्या घरातून परतल्यावर मी आईला वीसेक प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. दुखलं तर मामा काय करतात. कुठल्या दुकानात एकटे जातात. कुणाचा आवाज चढला की घाबरतात. पोट साफ होतं का, किती दिवसांनी, कसं. (हो, चार्टही पाठवला. आईने त्यावर फक्त हात जोडल्याची खूण पाठवली.) आई गावी गेली की आजीजवळ बसून एकेक विचारते आणि व्हॉइस नोट पाठवते, मी वहीत उतरवतो. आजीचं उत्तर कधीच सरळ येत नाही. गोळ्यांचं विचारावं तर आधी १९८५ सालच्या डॉक्टरांची कुंडली सांगते. घाई केली की म्हणते, "अगं, सांगते तसं लिहून घे की!"

गेल्या रविवारची नोट अकरा मिनिटांची होती. आई विचारत होती, दादाला संध्याकाळी काय काय लागतं. (धाकटा असला तरी तिच्या माहेरी सगळे त्याला दादाच म्हणतात.) आजी सांगत होती, दिवेलागणीला चहा, मग देवळात, मग टीव्ही. मागून मामांचा आवाज आला, "टीव्ही न्हाई. टीव्ही आईला लागतो. मला रेडिओ."

मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आजी म्हणाली, "रेडिओ मोडून दोन वर्षं झाली की रं."

"म्हणून तर सांगतोय," मामा म्हणाले.

दिवाळीला जाणार आहे तेव्हा घेऊन जाईन. साधा, बटण फिरवायचा मिळतो का बघतोय.